कीर्तनकारानं तलावपाळीवर पाणीपुरी खाल्ली तर

ऐरोलीचा_वीणेकरी
रामकृष्ण हरी. इथं बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

मी कीर्तनकार. वारकरी, नारदीय नव्हे. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षं काढली आणि त्यानंतर नवी मुंबईतल्या गावांतून, सेक्टरांतून सप्ताह करत एकोणीस वर्षं झाली. दिवसा एका कार्यालयात हिशेब लिहितो, त्यामुळे पोट कीर्तनावर नाही.

गेल्या आठवड्यात कोपरखैरणेला माझी सेवा होती. विषय वैराग्य. बरं झालं कीर्तन. दुसऱ्या दिवशी मुलीला शाळेचे बूट घ्यायला ठाण्याला गेलो. बूट घेतले, पाऊस नव्हता, तलावपाळीला आलो. मुलगी म्हणाली, पाणीपुरी. उभे राहिलो. तिसरी पुरी तोंडात, हनुवटीवरून पाणी ओघळतंय, एका कानात इअरफोन (ठुमरी चालू होती), आणि समोर सप्ताहातला एक पोरगा. "महाराज, तुम्ही पण?" पुरी तोंडात असताना काय बोलणार? त्यानं फोटो काढला. रात्री तो सप्ताहाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, खाली ओळ: 'काल वैराग्य, आज पाणीपुरी.' सकाळी आयोजकांचा फोन: "महाराज, जरा भान ठेवा. लोक बघतात."

मला राग आला नाही, पण तेव्हापासून डोक्यात घोळतंय. मी माळकरी आहे, पथ्यपाणी सगळं पाळतो. पण मला जांभळं आवडतात, दुपारच्या ठाणे-वाशी गाडीत खिडकी मिळाली तर मी खूश असतो, पहाटे सगळे झोपलेले असताना स्वतःपुरता केलेला चहा मी कुणाला द्यायला तयार नसतो. ठुमरी ऐकतो, जुनी नाट्यपदं ऐकतो. या सगळ्यानं माझं नामस्मरण उणं होतं असं मला आजवर कधी वाटलं नाही. तुम्हाला काय वाटतं? गादीवर उभा राहणाऱ्या माणसाला ही सुखं असावीत की नसावीत?

खाडीकाठचा
सर्वात आधी मुद्द्याचं. त्या दिवशी एकादशी होती का?

ऐरोलीचा_वीणेकरी
द्वादशी.

खाडीकाठचा
मग पारणं झालं ते. विषय संपला. धागा बंद करा.

निरूपणकार
विषय संपलेला नाही. प्रश्न पाणीपुरीचा नाही, गादीचा आहे. नारदांच्या गादीवर उभं राहायचं म्हणजे लोक पाया पडतात. ते त्या जागेच्या पाया पडतात, तुमच्या नाही. मग त्या जागेची बूज तुम्ही चोवीस तास राखायला नको? आमच्या गुरुजींनी हॉटेलात कधी चहा घेतला नाही. कपडे सुद्धा रस्त्यावरच्या बाकड्यावर बसून मळवले नाहीत. हल्ली कीर्तनात सिनेमाच्या चाली, यूट्यूबवर विनोदाचे तुकडे, आणि आता कानात ठुमरी. ठुमरी हा शृंगाराचा प्रकार आहे, एवढं तरी महाराजांना ठाऊक असेल.

पेटीमास्तर
ठुमरी शृंगाराची, आणि गौळण कशाची हो?

निरूपणकार
गौळणीत कृष्ण आहे.

पेटीमास्तर
ठुमरीतही बहुतेक वेळा तोच असतो. पनघटावर दुसरं कोण येतंय?

घणसोलीची_सुप्रिया
महाराज, आमच्या आजीची गोष्ट सांगते. आम्ही आगरी. आजी माळकरी होती, वर्षाला पंढरीची वारी. आणि धंदा म्हावऱ्याचा! पहाटे टोपली घेऊन निघायची, बोंबील, कोलंबी, मांदेली, जे मिळेल ते. विकून आली की आंघोळ, मग स्वतःचा वेगळ्या भांड्यातला वरणभात. आमच्यासाठी कालवण तीच करायची, चव न घेता. मीठ कधी चुकलं नाही.

एका महाराजांनी (तुम्ही नाही, फार जुनी गोष्ट) तिला सांगितलं, एक तर माळ काढ, नाहीतर टोपली ठेव. आजी म्हणाली, "माळ गळ्यात हाय, टोपली डोक्यावर हाय. दोघींची गाठ कुठं पडते?" त्यानंतर ते महाराज आमच्या गावात आले की हिच्याच ओटीवर बसून ताक प्यायचे.

तिला विडीचा नाद नव्हता, तपकिरीचा नव्हता. नाद एकच, सप्ताहाला भल्या पहाटे काकड्याला बसून टाळ वाजवायचा. म्हणायची, त्यात मजा येते. 'मजा' हाच शब्द. भक्ती वगैरे नाही म्हणाली कधी.

नास्तिक_नाना
मी देव मानत नाही, पण आमच्या नेरुळच्या सप्ताहाला सातही दिवस हजर असतो. कारण पखवाज. हरिपाठाच्या वेळी पन्नास टाळ एका ठेक्यात पडायला लागले की मी कुठलीही श्रद्धा न बाळगता डोलतो. बायको म्हणते तुम्ही आतून आस्तिकच आहात. मी म्हणतो मी आतून चांगला श्रोता आहे. वीणेकरी महाराजांनी पाणीपुरी खाल्ली याचा मला आनंदच आहे, पण खरा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही: संगीत काढून टाकलं तर तुमच्या कीर्तनात उरतं काय?

पेटीमास्तर
नाना, संगीत कुणीच काढत नाही, वाद्यं मात्र काढतात. आमच्या पेटीला विचारा. १९४० साली आकाशवाणीनं हार्मोनियमवर बंदी घातली. का? तर पेटीचे सूर ठोकळेबाज, त्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, श्रुती (सुरांमधले बारीक सूर) नाहीत, वर परदेशी वाद्य. तीस वर्षं हे चाललं, १९७१ साली बंदी सैल झाली. आणि या तीस वर्षांत गावोगावच्या भजनी मंडळांनी काय केलं? पेटी वाजवली. आकाशवाणी काय म्हणते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, सांगितलं असतं तर म्हणाले असते, बरं, आता हा अभंग काळी चारच्या पट्टीत घ्या.

थोडं विषयांतर झालं, पण सांगतो ते एवढ्यासाठी की शुद्ध-अशुद्ध ठरवणारे फोटो काढणाऱ्या पोरासारखे असतात. त्यांना समोरची पुरी दिसते.

दूरदेशी
पेटीमास्तर, काळी चार वाचून पोटात कालवलं. बाबा कल्याणहून व्हीटीला जायचे, डब्यात भजनी मंडळ होतं. दाराशी टाळ, मधल्या जागेत ढोलकी, खिडकीला लावलेला फोटो आणि शनिवारी शेंगदाण्याचा प्रसाद. बाबांना गाता यायचं नाही, त्यामुळे त्यांच्याकडे झांजा होत्या. ठाणे गेलं की आवाज चढायचा, का कुणास ठाऊक. मी शाळेच्या सुट्टीत एकदा बरोबर गेलो होतो, दोन सीटच्या मध्ये उभा राहून. झोपायला आलेले लोक शिव्या घालत होते हेही आठवतं. त्यांचंही खरंच होतं, बारा तासांची पाळी करून आलेले. इथे टोरांटोला ट्रेनमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येते. छळ आहे.

गाथाभक्त
एक आठवण करून देतो. तुकोबांनी कीर्तनकाराचं पथ्य स्वच्छ सांगितलंय: जिथं कीर्तन करावं तिथं अन्न घेऊ नये, कपाळी बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये. पुढे तर घोड्याबैलाला दाणाचारा सुद्धा मागू नये असं आहे. म्हणजे सुखं असावीत का, हा प्रश्नच चुकीचा. कीर्तनाच्या बदल्यात सुख घेऊ नये, एवढंच ते सांगतात. स्वतःच्या पैशानं तलावपाळीवर खाल्लेल्या पुरीबद्दल तुकोबांची हरकत दिसत नाही.

खाडीकाठचा
घोड्याबैलाला चारा नको म्हणजे आता सीएनजीचे पैसेही मागायचे नाहीत. महाराज, शिळफाट्याच्या पलीकडची सेवा घेऊ नका.

ऐरोलीचा_वीणेकरी
सीएनजीचे घेतो, कबूल करतो. पाकीट देतात तेही घेतो, पण ठरवून कधी मागितलं नाही. जेवणाचं मात्र अवघड आहे. सप्ताहात पंगत असते, न जेवता निघालो तर गावच्या बायका रागावतात. त्यामुळे तुकोबांचं ते पथ्य मी दर सप्ताहात मोडतो. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

नानांनी जे विचारलं ते टाळणार होतो. दोन दिवस उत्तर लिहून पुसत होतो. सांगूनच टाकतो.

माझे वडील माथाडी. एपीएमसीच्या मसाला मार्केटला आयुष्य गेलं. घरी आले की शर्टाला हळद-मिरचीचा वास, आई दारातच झटकायला लावायची. सप्ताहात ते वीणेच्या पहाऱ्याला असायचे, मध्यरात्रीचा पहारा मागून घ्यायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. वडील म्हणायचे, त्या दोन तासांत कुणी बोलत नाही ते बरं.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. तेरावं झालं आणि चौथ्या दिवशी जुईनगरला सेवा होती, सहा महिने आधी तारीख दिलेली. उभा राहिलो. टोपी, उपरणं, सगळं नेहमीसारखं. अभंग म्हटला, निरूपण केलं. आत काही नव्हतं. रिकामं पातेलं वाजतं तसं बोलत होतो. विठ्ठल हा शब्द तोंडात होता आणि त्याला अर्थ नव्हता.

त्या दिवशी सुरुवातीला मृदंगवाल्या पोरानं डाव्या पुडीला कणीक थापली. अंगठ्यानं कडेनं दाबत गेला, थाप मारली, ऐकलं, चिमूटभर काढली, परत मारली. तो 'धुम्म' पोटात येऊन बसला. नंतरचे दोन तास मी त्या थापेच्या आधारानं उभा होतो. देवाच्या नाही. आणि हे पुढे पाच महिने चाललं. त्या काळात घरी आलो की रेडिओ लावून बसायचो. काय लागलंय ते महत्त्वाचं नसायचं, सूर लागला म्हणजे झालं. बायको चहा आणून ठेवायची, तो गरम आहे एवढं कळायचं.

म्हणून विचारतो की ही सुखं असावीत का. मला वाटतं त्या पाच महिन्यांत त्यांनीच मला गादीपर्यंत नेलं आणि परत आणलं. पण मग त्या कीर्तनांना बसलेल्या लोकांना मी फसवलं का?

निरूपणकार
दुःख समजतं. वडिलांना नमस्कार. पण विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो. भाव नसताना कीर्तन करणं ही फसवणूकच. सेवा दुसऱ्याला द्यायची होती. पाच महिने थांबला असता तर बिघडलं नसतं.

सातारचा_माथाडी
मी कधी लिहीत नाय. ह्या निरूपणकारांसाठी लिहितो. आम्ही भाजी मार्केटला रात्री दोनला गाड्या खाली करतो. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेताना आमच्यात भाव असतो का? झोप असते, कंबर असते. गोणी जाग्यावर पोचती का न्हाय एवढं बगायचं. महाराजांनी गोणी पोचवली. ऐकणाऱ्याला मिळाली. आत रिकामं हुतं का भरल्यालं, ते त्येंचं आन देवाचं.

आम्ही काम करताना मोबाईलवर कीर्तन लावतो. एखाद वेळी महाराजांचं पण लागलं आसंल.

खाडीकाठचा
वरच्या प्रतिसादाला काही जोडायची माझी हिंमत नाही. एरवी मी गप्प बसत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

चरईकर
मी मराठी ख्रिस्ती, ठाण्यातच वाढले. वीणेकरींचं वाचून आमच्या आधीच्या पाळकसाहेबांची आठवण आली. त्यांची बायको गेली तेव्हा दोन रविवार दुसरे कुणी येऊन उपासना घेत होते. तिसऱ्या रविवारी ते स्वतः आले, वेदीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मला आज प्रार्थना करता येणार नाही. तुम्ही गा. मी ऐकतो." आणि खाली उतरून पहिल्या बाकावर बसले, जिथे त्यांची बायको बसायची.

आम्ही अर्धा तास गायलो. पेटी, तबला, टाळ. बाहेरच्या कुणाला सांगितलं तर पटत नाही, पण आमच्या देवळात भजनं होतात, ती सुद्धा अभंगाच्या वळणाची. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबा काही सोडले नाहीत. ख्रिस्ती कीर्तनं केली, अभंग रचले, आणि ती पदं अजून दर रविवारी गातो आम्ही. पाळकसाहेब त्या दिवशी गायले नाहीत, नुसता पायानं ताल धरला होता. मी बाजूच्या रांगेत होते म्हणून दिसलं.

कुणालाही फसवल्यासारखं वाटलं नाही. उलट त्यानंतर त्यांचा उपदेश लोक जास्त लक्ष देऊन ऐकायला लागले. आधी पोरं घड्याळ बघायची, खरं सांगते.

निरूपणकार
चरईकर, तुमच्या पाळकांनी सांगितलं. महाराजांनी सांगितलं नाही. फरक तोच आहे.

ऐरोलीचा_वीणेकरी
हो. हे बरोबर आहे. मला तिथं बोट ठेवता येत नव्हतं.

घणसोलीची_सुप्रिया
पण सांगायचं कुणाला आणि कधी? जुईनगरला पाचशे माणूस बसलंय, माईक चालू आहे, आणि महाराज म्हणणार मला आज देव आठवत नाही? आयोजकांनी पाणीपुरीवर फोन केला, त्यावर काय केलं असतं! चर्चमध्ये मंडळी ओळखीची असते, वर्षानुवर्षं तीच. सप्ताहाचा कीर्तनकार दोन तासांसाठी येतो आणि जातो. त्याचं दुःख ऐकायला गावाकडे वेळ नसतो, खरं तर. आमच्याकडेही नव्हता. आता वाईट वाटतंय.

नास्तिक_नाना
महाराज, मी विचारलं ते चिडवायला विचारलं होतं, एवढ्या खोल जाल असं वाटलं नव्हतं. माफी मागत नाही, कारण उत्तर फार आवडलं. पण मग सोपं आहे की. सूर आणि चहा यांनी तुम्हाला तारलं. देवाची गरजच पडली नाही. तुम्ही आमच्यातले झालात!

ऐरोलीचा_वीणेकरी
नाना, इतक्या स्वस्तात नाही.

पाच महिन्यांनंतर काय झालं तेही ऐका. काहीच झालं नाही. दर्शन नाही, दृष्टांत नाही. रबाळेला सप्ताह होता, माझं कीर्तन दुसऱ्या दिवशी, पण रात्री थांबलो. दीड वाजता पहाऱ्यावरचे काका म्हणाले, जरा धरता का, मला जाऊन यायचंय. वीणा गळ्यात घेतली. मांडवात आम्ही चारच माणसं, त्यात दोन झोपलेली. पंख्याचा आवाज, आणि समईत तेल घालायला कुणीतरी उठलेलं. मी तार छेडत नाव घेत होतो. काका अर्ध्या तासानं आले, मी म्हटलं, बसा, राहू दे माझ्याकडे. चार वाजता काकड्याची माणसं आली तेव्हा कळलं की अडीच तास झाले. त्या अडीच तासांत मला वडिलांची आठवण आली नाही आणि ते नाहीत असंही वाटलं नाही. याला तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

मग कुणीतरी स्टीलच्या पेल्यात चहा दिला, आलं जास्त झालेलं. तो मी सावकाश प्यायलो.

नास्तिक_नाना
बरं. इथं मी गप्प.

पेटीमास्तर
वीणा लागली होती ना नीट? की बेसूरच छेडत होतात?

ऐरोलीचा_वीणेकरी
एक तार उतरली होती. तुम्ही असता तर झोपेतून उठून आला असता.

नवीन_सभासद_कोपरी
सगळे प्रतिसाद वाचले. मूळ प्रश्न पाणीपुरीचा होता, त्याचं काय ठरलं? आमच्या मंडळात पुढच्या महिन्यात कीर्तन ठेवायचंय, प्रसादाला काय करावं यावर भांडणं चालू आहेत म्हणून विचारतोय.

गाथाभक्त
प्रसाद खिचडी ठेवा. पाणीपुरीला रांग लागली तर कीर्तनाला कोण बसणार.

निरूपणकार
माझं मत बदललेलं नाही, गादीची बूज राखलीच पाहिजे. फक्त फोटो काढून ग्रुपवर टाकणाऱ्या त्या मुलानं ती राखली नाही, हे आधी लिहायला हवं होतं. आणि महाराज, ठुमरी कुणाची ऐकत होतात? नाव नको, राग सांगा.

ऐरोलीचा_वीणेकरी
भैरवी.

निरूपणकार
भर संध्याकाळी भैरवी! बघा, मी म्हणत नव्हतो?

पेटीमास्तर
ठुमरीत चालते हो. बसा खाली.

ऐरोलीचा_वीणेकरी
त्या पोराचा परवा फोन आला होता. फोटो काढून टाकला म्हणाला, मी सांगितलं राहू दे, मुलगी चांगली आली आहे त्यात. मग इकडचं तिकडचं बोलला. टाळ शिकायचाय त्याला.

रविवारी संध्याकाळी सहाला घणसोली गावात हरिपाठ आहे. नेहमीचा मृदंगवाला गावी गेलाय, नवा येतोय, त्याला कणीक लागेल. मागच्या वेळी कुणीतरी मल्टीग्रेन पीठ मळून आणलं होतं, ते पुडीला धरेना, निरूपण चालू असताना दोनदा गळून पडलं. जवळ राहणाऱ्या कुणी साध्या गव्हाची आणली तर बरं होईल. मीठ, तेल घालू नका.

घणसोलीची_सुप्रिया
मी आणते, घरचं दळलेलं पीठ आहे. सहा म्हणजे घड्याळाचे सहा ना? की महाराजांचे सहा?

खाडीकाठचा
उरलेल्या कणकेच्या पुऱ्या लाटा. पाणी मी आणतो.